पावसातील भिंती : पेडणे-डिचोलीतील एका छायाचित्रकाराचे टिपण

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकविला तो वर्गाबाहेर नेऊन. तेव्हा आज कागदपत्रांऐवजी भिंतींविषयी बोललो, तर श्रोत्यांनी ते विषयांतर मानू नये.

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळांचा जो विध्वंस झाला, तो या भागाने उशिरा आल्यामुळेच टाळला. म्हणून देवळे, वाडे, दीपस्तंभ येथे पुष्कळ उरले. त्यांची जुनी छायाचित्रे मात्र फार थोडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सौझा अँड पॉल या पेढीने गोव्याची छायाचित्रे घेतली. परंतु त्या काळच्या कॅमेऱ्याचा ओढा राजधानीकडे, चर्चकडे आणि समारंभांकडे. शेतवडीच्या कडेचे मातीत बांधलेले घर कोणी कशाला टिपावे?

जी छायाचित्रे मिळतात, त्यांतही एक वैगुण्य आहे. ती बहुधा उन्हातली असतात. पावसात कॅमेरा बाहेर काढणे जिवावर येते, भिंगावर बुरशी धरते, प्रकाश मंद असतो; हे सारे मीही भोगले आहे. पण आपली घरे बांधली गेली ती पावसासाठी. जमिनीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून तो कठीण होतो. त्याला धरून ठेवणारी माती मात्र भिजली की सुटते. म्हणून उतरती छपरे, खोल पावळ्या, उंच जोते. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, आणि माझ्या पाहण्यातील बहुतेक घरे त्याच कोपऱ्यातून खचू लागली. हे कोरड्या दिवसातील छायाचित्रात दिसत नाही. कौलांवरून काळ ठरविणेही धोक्याचे. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला, एवढ्यावरून कौलारू घर त्यानंतरचेच, असे म्हणता येत नाही. नळे उतरवून कौले चढविलेली घरे कितीतरी.

नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराच्या देवालयाचे उदाहरण घ्या. दिवाडीहून नदीपलीकडे आणलेल्या या देवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचा १६६८ चा शिवकालीन शिलालेख तेथे आहे. असा लेख टिपायला सकाळचे तिरपे ऊन लागते. भर पावसात अक्षरे दगडात बुडून जातात. याउलट भिंतीचा इतिहास ओलीत उघडतो. अलीकडे या मंदिराचे संवर्धन होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. काम उत्तम झाले, तरी मला पूर्वीच्या ओल्या, शेवाळलेल्या भिंतीची छायाचित्रे अधिक मोलाची वाटतात. कोणी याला छांदिष्टपणा म्हणेल. म्हणो.

आता माझी कबुली. पेडणे तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर एका जुलैत मागच्या बाजूने कोसळले. भावांनी ते होते तसेच बांधायचे ठरविले आणि मोठ्या विश्वासाने मला विचारले, "तुझ्याकडे फोटो असतीलच." होते, सारे दर्शनी पडवीचे, दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे, उन्हात न्हालेले. मागील पडवीला खिडक्या दोन होत्या की तीन, हे त्यांतील एकातूनही कळेना. थोरला भाऊ तीन म्हणे, धाकटा दोन. गावोगावच्या भिंती टिपीत हिंडणाऱ्या माणसाने आपल्या घराची पाठ कधी पाहिलीच नव्हती. खिडक्यांचा प्रश्न अखेर सुटला नाही. गवंड्याच्या सोयीने दोन ठेवल्या.

पुढच्या जूनमध्ये मी मुद्दाम गेलो. उभी राहिलेली जुनी उत्तर भिंत दोन दिवसांच्या सरींनी भिजली होती. तिसऱ्या दिवशी उघडीप पडताच ती वाळू लागली, पण सारखी नव्हे. मध्यभागी माणसाच्या उंचीएवढा एक चौकोन काळा राहिला. तेथील चिरे वेगळे, मातीही वेगळी. मी घाईने तीन छायाचित्रे घेतली. तासाभरात सारी भिंत एकरंग झाली.

ती छायाचित्रे काकीला दाखविली. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "हे दार मी या घरात आले तेव्हाच बुजवलेले होते. सासूबाई म्हणायच्या, पूर्वी विहिरीची वाट इथूनच होती."

विहीर आता शेजाऱ्यांच्या कुळागरात आहे.