जावा ॲप्लिकेशन सर्व्हरचे प्रशासन : मूलभूत संकल्पनांचा इतिहास

मराठीतील ‘अंमल’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा मूळ अर्थ ‘कृती’ वा ‘कार्य’ असा. मराठीत मात्र ‘सत्ता’ हा अर्थ प्रबळ झाला, आणि ‘अंमलबजावणी’ या शब्दात कृतीचा अर्थ टिकून राहिला. सत्ता व कार्य ही दोन्ही एका शब्दात सुखाने नांदू शकतात. यंत्रव्यवस्थेत मात्र ती एकत्र ठेवणे धोक्याचे ठरते. जावा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या प्रशासनाचा इतिहास हा बव्हंशी या दोहोंच्या फारकतीचा इतिहास होय.

या फारकतीचा आरंभ जावाच्या पूर्वीच झाला होता. आय.बी.एम.ने १९६९ साली प्रसृत केलेल्या सी.आय.सी.एस. या प्रणालीमुळे, अनेक टर्मिनलांवरून येणाऱ्या मागण्या व सामायिक साधने यांची व्यवस्था प्रत्येक प्रोग्रामने स्वतंत्रपणे पाहण्याचे कारण उरले नाही. १९८० च्या दशकात ए.टी. अँड टी.मध्ये निर्माण झालेल्या टक्सीडोने हेच तत्त्व युनिक्सवर आणले. १९९६ साली टक्सीडोचे हक्क बी.ई.ए. या कंपनीकडे आले व १९९८ साली तिने वेबलॉजिक ही जावा क्षेत्रातील कंपनी विकत घेतली. व्यवहार-नियंत्रणाची जुनी परंपरा आणि १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जाहीर केलेली नवी भाषा यांचा असा संगम झाला.

डिसेंबर १९९९ मध्ये आलेल्या जे२ईई १.२ या प्रमाणग्रंथाने कामाची वाटणी स्पष्ट शब्दांत मांडली. प्रोग्रामचे घटक लिहिणारा, ते जुळवून प्रणाली सिद्ध करणारा, ती सर्व्हरवर बसविणारा आणि चालू व्यवस्थेवर देखरेख ठेवणारा प्रशासक या भूमिका त्यात वेगळ्या मानल्या गेल्या. प्रत्यक्षात एकच व्यक्ती दोन भूमिका पार पाडू शकेल. परंतु जबाबदाऱ्या मात्र भिन्नच राहाव्यात, हा त्यामागील हेतू होता.

या वाटणीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नामव्यवस्था. प्रोग्राममध्ये डेटाबेसचा पत्ता वा पासवर्ड लिहावयाचा नाही. केवळ एक नाम लिहावयाचे. त्या नामाने कोणता पदार्थ निर्दिष्ट व्हावा, हे प्रशासकाने ठरवावयाचे. चाचणीच्या सर्व्हरवर जे नाम नमुन्याच्या डेटाबेसकडे बोट दाखविते, तेच प्रत्यक्ष कामकाजाच्या सर्व्हरवर खऱ्या डेटाबेसकडे दाखविते. प्रोग्रामचे एक अक्षरही बदलावे लागत नाही. या नामामागे बहुधा ‘कनेक्शन पूल’ असतो, म्हणजे डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा. त्याची मर्यादा प्रशासक ठरवितो : ती फार लहान असल्यास मागण्या ताटकळतात, फार मोठी असल्यास डेटाबेसवर अतिरिक्त भार पडतो. घेतलेली जोडणी प्रोग्रामने परत केली नाही, तर साठा हळूहळू रिकामा होतो. सर्व्हर चालू दिसतो, पण उत्तर देत नाही. दोष प्रोग्रामचा असला, तरी तो प्रथम प्रशासकाच्या पदरी येतो. दोघांमधील सीमारेषा येथे सर्वांत नाजूक आहे.

सर्व्हरांची संख्या वाढू लागताच सत्तेचे केंद्र कोठे असावे, हा प्रश्न उभा राहिला. ‘स्वामित्व’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी नाते सांगणारी ‘डोमेन’ ही संज्ञा येथे उपयोगी पडली : एकत्र प्रशासित होणाऱ्या सर्व्हरांचा समूह म्हणजे डोमेन. वेबलॉजिकमध्ये एक प्रशासक-सर्व्हर संपूर्ण डोमेनची रचना सांभाळतो व बाकीचे सर्व्हर लोकांच्या मागण्या पुरवितात. वेबस्फिअरने २००२ च्या पाचव्या आवृत्तीत अशा समूहाला ‘सेल’ हे नाव दिले, आणि त्याच वेळी सामायिक डेटाबेसमध्ये ठेवली जाणारी रचना फाइलींत आणून तिची प्रत प्रत्येक नोडवर ठेवली. जेबॉसमध्ये डोमेनपद्धती २०११ च्या सातव्या आवृत्तीत आली. नावे निरनिराळी असली, तरी तत्त्व एकच : केंद्र बंद पडल्यास रचनेत बदल करता येत नाहीत, परंतु चालू सर्व्हरांचे काम थांबत नाही. सत्ता क्षणभर लोपली तरी कार्य अखंड राहावे, हीच या संकल्पनेची खरी कसोटी होय.

तथापि ही सीमा स्थिर राहिली नाही. २००६ च्या जावा ईई ५ मध्ये, पूर्वी वेगळ्या फाइलीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक सूचना ॲनोटेशनांच्या रूपाने प्रोग्राममध्येच आल्या. २०१३ साली डॉकर अवतरले आणि ‘कंटेनर’ या शब्दाचाच अर्थ पालटला. जे२ईईच्या परिभाषेत कंटेनर सर्व्हरच्या पोटात असे व प्रोग्रामला आधार देई. नव्या परिभाषेत समग्र सर्व्हरच कंटेनरच्या पोटात गेला. त्याबरोबर प्रशासकाची पुष्कळशी कामे प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे सरकली.

म्हणून या संकल्पना केवळ आज्ञांची वा पडद्यांची यादी म्हणून अभ्यासणे अपुरे आहे. जोडण्यांना मर्यादा अजूनही घालावी लागते, नामांना अर्थ द्यावा लागतो, आणि व्यवस्था ठप्प झाल्यास कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. शब्द बदलले, सीमा सरकल्या. जबाबदारी मात्र नाहीशी झाली नाही. ती आज कोणाकडे आहे, हे ठरविणे हेच प्रशासनाचे पहिले कार्य होय.