तुमची दोन मिनिटं

अंगात स्वेटर आहे ना? त्यावर जाड कोट चढवा, कानटोपी घाला, हातमोजे विसरू नका. पायांत बूटच हवेत. जिथे जायचंय तिथे फेब्रुवारी चपलेवर निघत नाही. झालं? डोळे मिटा आणि तीनपर्यंत मोजा.

उघडा.

थंडी आधी नाकाच्या शेंड्याला कळते, मग कानांना. पायाखाली काहीतरी करकरतंय, ते मीठ आहे. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं जाडं मीठ. कडेला बर्फाचे ढीग पडलेत, धुराने आणि चिखलाने काळवंडलेले. तुम्ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसनमध्ये उभे आहात. दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं हे गाव. तळी अजून गोठलेलीच आहेत. मंगळवार, १५ फेब्रुवारी २०११. समोरचा रस्ता म्हणजे स्टेट स्ट्रीट. एका टोकाला विद्यापीठ, दुसऱ्या टोकाला विधिमंडळाची इमारत. वाट विचारायची गरज नाही. सगळे जिकडे चाललेत तिकडे चला.

बघा तरी कोण कोण चाललंय. लाल रंगाचे विद्यापीठाचे शर्ट घातलेली पोरं, पाठीवर दप्तर तसंच. शाळेतल्या बाई. रात्रपाळी करून थेट आलेल्या परिचारिका. पहाटे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी अवजड गाडी चालवून आता इकडे आलेले चालक. तुरुंगातले रक्षक. ईस्ट हायस्कूलची शेकडो मुलं तर वर्ग सोडून चालत निघालीत. आपल्या मास्तरांच्या पगारासाठी मुलं रस्त्यावर आलेली तुम्ही कधी पाहिलीत? मी पाहिलेली नव्हती.

आता मान वर करा. पांढऱ्या ग्रॅनाइटचा तो घुमट दिसला? त्याच्या माथ्यावर सोनेरी मुलामा दिलेली एक स्त्री उभी आहे, हात पुढे केलेला, आणि तिच्या शिरस्त्राणावर बसलाय बॅजर, इथला बिळात राहणारा प्राणी. राज्याचं बोधचिन्हच तो. इमारतीभोवतीच्या हिरवळीवर, म्हणजे आत्ता बर्फावर, दहा हजारांहून जास्त माणसं जमली आहेत. ढकलाढकली नाही. कुणाचा पाय पडला तर तो थांबून माफी मागतो. पण आवाज मात्र छातीच्या पिंजऱ्यात लागतो.

दार ढकला. आत या.

चष्मा असेल तर पुसा, धुकं बसलंय. बाहेर बर्फ आणि आत भर उन्हाळ्यातल्या एस.टी.ची ऊब. ओल्या लोकरीचा वास येतोय, हजारो कोटांचा, आणि त्यात मिसळलेला कॉफीचा, घामाचा, भिजलेल्या बुटांचा. आता कोट काढा, नाहीतर दहा मिनिटांत घेरी येईल. कोट हातावर टाका आणि मधल्या गोल सभागृहात, घुमटाच्या बरोबर खाली येऊन उभे राहा.

इथे क्षणभर थांबायचंच. ही इमारत बांधायला अकरा वर्षं लागली आणि तिच्यात ४३ प्रकारचे दगड लावलेत, जगभरातून आणलेले. दगडाला आवाज पिता येत नाही, तो परतवतो. खाली कुणीतरी प्लॅस्टिकची बादली पालथी घालून काठीने ठोकतंय. तो ठोका भिंतीवर जातो, घुमटात चढतो आणि परत येईपर्यंत दुसऱ्याला भेटतो. त्यावर घोषणा, ‘किल द बिल!’ विधेयक पाडा. वरच्या कठड्यांवरून माणसं वाकून ओरडतात, खालून उत्तर जातं. एक बाजू विचारते, लोकशाही कशी दिसते ते सांगा. दुसरी गर्जते, अशी दिसते! शब्द नीट ऐकू येण्याआधी तुमच्या तळपायांना कळतो. घुमटाखालच्या चार कोपऱ्यांत काचेच्या तुकड्यांची चार चित्रं आहेत: कायदे करणं, राज्य चालवणं, न्याय आणि स्वातंत्र्य. चारही वरून खालची ही गर्दी बघताहेत.

पण आपण घोषणा द्यायला आलो नाही. आपण बोलायला आलोय, आपलं नाव सांगून, समितीसमोर. जिना चढा. चौथा मजला, खोली ४१२ पूर्व. संयुक्त अर्थ समितीची जाहीर सुनावणी तिथे सकाळी दहापासून चालू आहे. एक चिठ्ठी भरून द्यावी लागते: नाव, गाव, विधेयकाच्या बाजूने की विरोधात. दिलीत? आता रांग धरा. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळणार. दोनच.

रांगेत तुमच्यापुढे एक शिक्षिका आहे. हातातला कागद घडी घालून घालून मऊ पडलाय. तुम्ही परके आहात हे तिला लगेच कळतं आणि ती आपणहून विधेयक समजावून सांगायला लागते. राज्याच्या तिजोरीत या वर्षी १३.७ कोटी डॉलरची तूट पडणार, असं सरकारचं म्हणणं. शुक्रवारी राज्यपाल स्कॉट वॉकर यांनी उपाय मांडला आणि मंगळवारी त्यावर ही सुनावणी. मधे शनिवार, रविवार, सोमवार, एवढाच अवधी. निवृत्तिवेतनासाठी पगारातून सुमारे ५.८ टक्के कापणार. आरोग्यविम्याच्या हप्त्यातला १२.६ टक्के वाटा कर्मचाऱ्याने भरायचा. ‘तेवढं सोसू,’ ती म्हणते. ‘पुढचं वाच.’

पुढचं असं: संघटनेने सरकारशी बोलणी करायची ती फक्त मूळ पगारावर. वर्गात किती मुलं असावीत, किती तास काम, रजा, सुरक्षितता, यावर चकार शब्द नाही. आणि पगारवाढही महागाई निर्देशांकापेक्षा जास्त मागायची नाही; हवीच असेल तर आधी मतदारांचा कौल घ्यायचा. करार एका वर्षापुरता. शिवाय आपली संघटना शिल्लक राहावी की नाही, यासाठी सभासदांनी दर वर्षी मतदान करायचं.

महागाई निर्देशांक हा शब्द तुमच्या ओळखीचा. आपल्या घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर त्याच आकड्यावर महागाई भत्ता वाढतो आणि घरात कुकर नवा येतो. तो आकडा आपल्याला पायरीसारखा माहीत आहे. इथे त्याचं छत केलंय. त्या छताखाली जास्तीत जास्त काय मिळेल? काल जेवढं विकत घेता येत होतं, तेवढंच उद्याही.

हे सगळं नेमकं याच गावात घडावं याची इथल्या माणसांना जास्त बोच आहे. सरकारी कर्मचाऱ्यांची देशातली एक मोठी संघटना, आफ्स्मी, १९३२ साली जन्मली ती मॅडिसनमध्येच. नगरपालिकांच्या नोकरांना एकत्र बसून बोलणी करण्याचा हक्क कायद्याने देणारं पहिलं राज्य विस्कॉन्सिन, १९५९ साली. तुमच्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या कित्येकांच्या आईवडिलांनी त्या हक्कावर घर उभं केलंय.

पोटात काही गेलंय का? नाही ना. रांगेत पुढून मागे बिस्किटांचा पुडा येतो, दोन घ्या आणि मागे सरकवा. पिझ्झा मात्र आज नाही. तो बघायचा तर दोन-चार दिवस पुढे डोकावावं लागेल; या, पटकन डोकावू. स्टेट स्ट्रीटवरच्या इयान्स पिझ्झा या दुकानात फोन खणखणताहेत. दूरदूरच्या राज्यांतून, परदेशांतून, अगदी इजिप्तमधूनही लोक पैसे भरतात आणि सांगतात, तिथे आत बसलेल्यांना खायला द्या. खोक्यांच्या चळती इमारतीत येतात, आणि चीझमध्ये घोळवलेली मॅकरोनी घातलेला तो गरम तुकडा अनोळखी माणूस तुमच्या हातावर ठेवतो. संगमरवराला डाग पडू नये म्हणून भिंतींवरचे फलक रंगाऱ्यांच्या निळ्या चिकटपट्टीने लावलेत. मग बाहेरून बॅगपाइपचा सूर येतो आणि गर्दी आपोआप दुभंगते. अग्निशमन दलाचे जवान आत येतात. या विधेयकातून त्यांना आणि पोलिसांना वगळलंय, त्यांच्या पगाराला धक्का नाही. तरीही ते आलेत. तो सूर घुमटात चढतो तेव्हा आसपासचे कितीतरी चेहरे ओले होतात. तुमचाही होऊ दे.

बरं, परत मंगळवारात या. तुमची जागा त्या बाईंनी राखून ठेवली आहे.

दुपार कलली, संध्याकाळ झाली. रांग इंचाइंचाने सरकते. खोलीच्या दाराशी पोचलात की आतलं दिसतं: समितीचे सोळा सभासद, आठ सिनेटचे आणि आठ असेंब्लीचे. समोर एक मेज, त्यावर माइक. माणूस येतो, खुर्ची सरकवतो, घसा साफ करतो, नाव सांगतो. रोज शंभर मुलांसमोर न अडखळता बोलणाऱ्या माणसाचा आवाज इथे कापतो. कुणी पगाराची पावती आणलीय आणि घरखर्चातून दरमहा किती कमी होईल ते वाचून दाखवतो. कुणी सांगते, मी पंचवीस वर्षं अपंग मुलांना जेवण भरवते. कुणी म्हणतो, विम्याचे पैसे घ्या, पण बोलायचा हक्क घेऊ नका. पुढच्या काही दिवसांत संघटनांच्या पुढाऱ्यांनीही जाहीरपणे हेच सांगितलं: पैशाची कपात मान्य, बोलणी राहू द्या. विधेयकाच्या बाजूनेही काही जण बोलतात. खासगी नोकरीतला एक माणूस म्हणतो, माझा विम्याचा हप्ता याहून किती जड आहे, माझ्या वतीने कोण रडतं? त्याचंही ऐका. तोही रांगेत उभा राहून आलाय, त्याचीही दोनच मिनिटं.

आणि मग वेळ संपते. वाक्य अर्ध्यात असतं, माणूस घाईघाईने कागदाच्या शेवटच्या ओळीवर उडी मारतो, ‘धन्यवाद’ म्हणतो आणि उठतो. उठताना खुर्चीच्या पाठीवरचा कोट तिथेच राहतो, मागून कुणीतरी आणून देतं. हे एकदा नाही, दिवसभर चाललंय.

रात्र झाली. घुमटाखालचे ढोल मंदावलेत. सुनावणी चालू आहे तोवर इमारत बंद करता येत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. म्हणजे बोलणारं माणूस शिल्लक असेतो दिवे चालू. विद्यापीठातल्या शिक्षक-सहायकांची संघटना आहे, १९६६ पासूनची, पीएच.डी. करता करता वर्ग घेणारी ही पोरं. आपापल्या माणसांना फोन करकरून ती बोलावताहेत: या, चिठ्ठी भरा, रांग तुटू देऊ नका. कुणी झोपायच्या पिशव्या आणल्यात, कुणी नुसत्या चादरी. तुम्हीही भिंतीला टेकून जरा आडवे व्हा. संगमरवर आधी थंड लागतो, मग अंगाच्या उबेने सवयीचा होतो. कोटाची उशी करा. डोक्याशी कुणाचे बूट, पायाशी कुणाचा पुस्तकांचा गठ्ठा. एक मुलगी फरशीवर पालथी पडून विद्यार्थ्यांचे पेपर तपासतेय, लाल पेनाने. हे दृश्य मला सगळ्यात जास्त आवडतं. उद्याचा पगार काय असेल ठाऊक नाही, तरी आजचे पेपर आज तपासायचे.

बारा वाजले. एक. दोन. वऱ्हांड्यातल्या पडद्यांवर खोलीतलं दिसतंय, आवाज घोगरे झालेत, समितीचे सभासदही डोळे चोळताहेत. तेही सकाळपासून बसलेत, हे विसरू नका. शिक्षिकेचा कागद आता घडीवर फाटायला आलाय. तुमच्यापुढे किती जण? मोजा. फार नाहीत.

तीनच्या सुमारास बहुमतवाल्यांनी सुनावणी संपवली. सतरा तास झाले होते. रांगेत माणसं उभी होती.

काय होतं अशा वेळी पोटात, ते तुम्ही आत्ता अनुभवताय. ओरडावंसं वाटतं आणि आवाज फुटत नाही. बाई काही बोलत नाहीत. कागद उलगडून पुन्हा घडी घालतात. तेवढ्यात वऱ्हांड्यातून निरोप येतो: अल्पमतातले डेमोक्रॅट सभासद उठणार नाहीत, ते ऐकत राहणार. अधिकृत नसेल, पण ऐकणार. चला, त्यांच्यासमोर पुन्हा रांग धरा.

उजाडताना तुमची पाळी येते. कुणीतरी दिलेली कॉफी पाव पेला, तीही थंड. खुर्ची सरकवा. नाव सांगा, गाव सांगा. इतक्या दुरून आलात याचं समोरच्यांना आश्चर्य वाटतं आणि ते मान हलवून ‘बोला’ म्हणतात. तुमच्याआधी त्या बाई बोलल्या. वर्गात किती मुलं असावीत यावर त्यांनी दोन्ही मिनिटं घालवली. पगाराचा शब्दही काढला नाही. त्या दिवशी मॅडिसनच्या शाळा बंद राहिल्या. इतके शिक्षक इथे होते.

संयुक्त अर्थ समितीने बुधवारी रात्री उशिरा विधेयक १२ विरुद्ध ४ मतांनी पुढे पाठवलं. ११ मार्चला त्यावर राज्यपालांची सही झाली. तूट भरायला हवी होती, हे मला मान्य आहे. पैसे कुठून आणायचे यावर दोन्ही बाजूंना बोलू द्या. पण रात्रभर ताटकळलेली माणसं दाराबाहेर रांगेत उभी असताना ती सुनावणी बंद करायला नको होती.