वाऱ्यासाठी काढलेले रस्ते

मागच्या वेळी आपण मुंबईच्या प्लेगपाशी थांबलो होतो. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोगाचं मूळ कोंदट हवेत आहे, अशी ट्रस्टची पक्की समजूत. (त्याच वर्षी सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरावरच्या पिसवांचा संबंध दाखवला, पण तो पटायला लोकांना बरीच वर्षं लागली!) मग दाट वस्ती चिरून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे पूर्व-पश्चिम रस्ते काढले. हेतू एवढाच, की पश्चिमेचा समुद्रवारा आत शिरावा. घरं पाडली गेली ती मुख्यतः गरिबांची, आणि ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले.

ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा. म्हणजे काय, तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. नियम सुरेख आहे. पण त्यामागे एक गृहीत आहे बघा: हवा रस्त्यावरून घरात येते, म्हणून रस्ता हा दाता. त्या हवेत काय मिसळलेलं असेल, हा प्रश्न बैलगाड्यांच्या आणि ट्रामच्या काळात कोण विचारणार?

पुढे त्याच रुंदीत मोटारी आल्या. दोन्ही बाजूंना सलग उंच इमारती असल्या की रस्त्याची घळ होते. आडवा वारा वरून जातो आणि खाली भोवरा फिरत राहतो. गंमत अशी, की वारा ज्या बाजूने येतो, त्याच बाजूच्या इमारतीच्या रस्त्याकडच्या खिडक्यांपाशी धूर जास्त साचतो. अशा घळीवर झाडांचं दाट छत धरलं तर धूर आणखी अडतो. रहदारी आणि पदपथ यांच्यामध्ये दाट, बुटकं कुंपण लावलं तर पादचाऱ्याला फायदा होतो. इमारतींत फटी हव्यात, घरं रस्त्यापासून मागे हवीत. दादर-माटुंग्यात ट्रस्टनेच हे केलं होतं, कारण तिथे जमीन मोकळी होती.

जुन्या वस्तीत मात्र २००२ मध्ये मोहम्मद अली रोडवरून जे. जे. उड्डाणपूल गेला. सुमारे अडीच किलोमीटर. खालची रहदारी गेली नाही, तिच्यावर दुसरी आली, आणि तीही दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांसमोरून! पुलावरून जाणाऱ्याची वीस मिनिटं वाचली असतील, पण त्या हिशेबात खिडकीतला माणूस कुठल्या रकान्यात धरला होता? ऑरसाहेबांनी निदान खिडकीपासून मोजायला सुरुवात केली होती.