पलीकडे जायचं तिकीट

मांडव्याचा इतिहास सांगणारे बहुतेक जण खांदेरीपासून सुरुवात करतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, मायनाक भंडारींनी इंग्रजांच्या गलबतांना दाद दिली नाही, शेजारची उंदेरी सिद्दीने धरली. मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच शिकवलं आणि अभिमानाने शिकवलं. पण आमच्या घरात खांदेरीचं नाव क्वचित निघायचं. निघायचं ते बोटीच्या भाड्याचं. या किनाऱ्यावर कोण आलं, कोण गेलं आणि कुणाला इथे हक्काने बसता आलं, हे ठरवलं ते त्या भाड्याने.

वडील मुंबईत गिरणीत होते. सुट्टीला ते भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरून रेवसला उतरायचे आणि पुढे एसटीने घरी. लक्ष्मण हरिश्चंद्रजी ऊर्फ भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईत धक्का बांधला, म्हणून भाऊचा धक्का. कोकणातल्या माणसाला ते नाव घरच्या नातेवाइकाचं वाटतं. आमची माणसं इथून पांढरा कांदा, वाल, तोंडली घेऊन जायची आणि येताना घरच्यांसाठी कापड नि औषधं आणायची. मांडव्याला तेव्हा मुद्दाम कुणी जात नसे. किनारा, कोळ्यांच्या होड्या, सुकत घातलेली मासळी, एवढंच तिथे होतं.

गोऱ्यांच्या कंपन्यांना पर्याय म्हणून स्वदेशीच्या काळात सहकारी तत्त्वावर एक बोट कंपनी निघाली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. त्या नावात कोकणी माणसाची किती माया आहे! बोट आपली, म्हणून तिच्यावरचा हक्क आपला. त्याच कंपनीची ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी, आखाडातल्या अमावास्येच्या तोंडावर रेवसला येताना काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला तासन् तास पत्ता लागला नाही. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि माणसं होडीत ओढून घेतली. आजी शेवटपर्यंत आषाढात घरातल्या कुणाला बोटीत पाय ठेवू देत नसे. पुढे कितीतरी वर्षं पावसाळ्यात हा किनारा मुंबईपासून तुटायचा आणि वडखळमार्गे शंभर किलोमीटरचा वळसा पडायचा.

रेवस मागे पडलं ते गाळामुळे. धरमतर खाडीचं तोंड भरत गेलं, ओहोटीला लाँच चिखलात अडकू लागली. मांडव्याला खोल पाणी जवळ होतं. गेटवेहून तासाभरात पोचणारे कॅटामरान तिथे लागू लागले, तिकिटातच अलिबागपर्यंतची बस आली आणि उतरणारा माणूस बदलला. गिरण्या बंद पडल्या होत्या. आता शनिवारी बंगलेवाले यायचे.

तरी मांडव्याचा धक्का सगळ्यांचाच राहिला. रविवारी संध्याकाळी धोकवडे, सासवणे, आवास, झिराडची माणसं तिथे येत. म्हातारे गळ टाकून बसत, पोरं बोट लागताना होणाऱ्या लाटा बघत, नवी सून सासूबरोबर मुंबईचे दिवे बघायला येई. आमच्याकडे कायमची करमणूक कुठे होती? वरसोलीच्या विठोबाच्या जत्रेत कार्तिकात आकाशपाळणे उभे राहत आणि आठवड्यात गुंडाळले जात. बाराही महिने उघडी आणि फुकट जागा एकच, मांडव्याचा धक्का.

शाळेची सहल एकदा गोराईच्या एस्सेल वर्ल्डला नेली होती. १९८९ साली उघडलेलं, खाडी ओलांडून बोटीने जायचं मोठं उद्यान. मुलांना पाळण्यांइतकीच ती फेरी आवडली. ज्यांच्या घरी सहलीचे पैसे नव्हते, ती मुलं मात्र आली नाहीत. ती यादी माझ्याच हातात होती, म्हणून विसरता येत नाही. आता ते उद्यानही बंद झालं आहे. तसाच न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा स्टीपलचेस पार्क १९६४ मध्ये बंद पडला, बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांनी ती जागा घेतली आणि १९६६ मध्ये तिथला मंडप पाडला. पाळणे गेले, पण समुद्रकाठची वाळू आणि १९२३ सालची लाकडी पायवाट शहराच्या मालकीची होती, म्हणून माणसं येत राहिली. १९२० पासून पाच सेंटांत आगगाडीने तिथे पोचता येत होतं, हेही महत्त्वाचं. मला त्यात मांडवा दिसतो.

खाऱ्या पाण्यातल्या काँक्रीटचं आयुष्य मर्यादित असतं. मीठ आत झिरपतं, सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. मांडव्याच्या धक्क्याच्या खांबांवर गंजाचे ओघळ मी स्वतः पाहिले आहेत. दुरुस्ती, नवं बांधकाम व्हायलाच हवं, याबद्दल वाद नाही. लाटा अडवणारा बांध झाला आणि मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेली ‘प्रोटोपोरोस’ नावाची ती बोट गाड्या पोटात घेऊन येते. टाळेबंदीने ती लगेच थांबली आणि त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास पुन्हा निघाली. आता पावसातही हवामान बरं असेल तर बोट येते. आजीच्या आषाढाची भीती खरोखर कमी झाली. रुग्णाला गाडीतून न उतरवता पलीकडे नेता येतं, याचं मोल ज्यांनी वडखळच्या वाहतूककोंडीत आपलं माणूस घेऊन तास काढले आहेत त्यांना विचारा.

पण रो-रोचं तिकीट रेवसच्या लाँचपेक्षा बरंच जास्त आहे. बोडणीची मासळीवाली त्या बोटीने रोज मुंबईला जाऊ शकत नाही. आणि धक्क्याजवळ जे नवं उभं राहतं, त्यात बसायला जागा मिळते ती काहीतरी विकत घेणाऱ्याला.

म्हणून धक्क्याचा जो नवा आराखडा होईल, त्यात बोटीचं तिकीट नसलेल्यालाही टोकापर्यंत जाऊ द्यावं. गळ टाकणाऱ्यांसाठी बोटींपासून दूर एक कड राखावी. सावलीतली बाकं गावकऱ्यांसाठी असावीत आणि त्यांच्यासमोर टेबलं मांडू नयेत. मासळीवाल्या बायकांना पाण्याच्या नळासह ओटे द्यावेत. आणि एक तरी साधी, स्वस्त फेरी रोज सकाळी मुंबईला सुटावी, टोपल्या ठेवता येतील अशी.