‘बंगाल’ : एका लहान जहाजाची हकीकत

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की पर्ल हार्बर, स्टालिनग्राड, हिरोशिमा ही नावे मुले पाठ करतात. यंदा दाभोळकडच्या एका मुलाने विचारले, “सर, आमचे परदादा नेव्हीत होते म्हणतात. ते कुठे लढले?” कोणत्या जहाजावर होते, हे त्याच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही त्याला ‘बंगाल’ची हकीकत सांगितली.

ऑस्ट्रेलियात युद्धकाळात सुरुंग काढणारी साठ लहान जहाजे बांधली गेली. त्यांतली चार रॉयल इंडियन नेव्हीसाठी होती : ‘बंगाल’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि ‘पंजाब’. ‘बंगाल’ सिडनीत बांधले गेले आणि ऑगस्ट 1942 मध्ये नौदलात दाखल झाले. वजन सुमारे 650 टन. काम कंटाळवाणे आणि जीवघेणे. शत्रू सुरुंगाला तळाशी वजन बांधून तो पाण्याखाली तरंगत ठेवतो. हे जहाज मागे पोलादी तार ओढत जाते, तारेच्या कात्रीत सुरुंगाचा दोर कापला जातो, सुरुंग वर येतो आणि मग त्याला दुरून गोळी घालून उडवायचे.

पण ‘बंगाल’चे नाव झाले ते सुरुंगांमुळे नव्हे. नोव्हेंबर 1942 मध्ये ते ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाले होते. 11 नोव्हेंबरला कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला दोन जपानी जहाजे दिसली : ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’. प्रत्येकी दहा हजार टनांच्या वर, साडेपाच इंची तोफा, टॉर्पेडो, विमानेसुद्धा. याच जोडीने त्या वर्षी हिंदी महासागरात ‘गेनोटा’ आणि ‘हाउराकी’ ही जहाजे पकडून नेली होती. ‘बंगाल’वर मोठी म्हणावी अशी एकच बारा पौंडी तोफ. मांजराने दोन वाघांसमोर उभे राहावे तसा प्रकार!

कप्तान विल्यम जोसेफ विल्सन यांनी ‘ओंडिना’ला निघून जाण्याचा इशारा दिला आणि आपले जहाज सरळ शत्रूवर घातले. ‘ओंडिना’वरही एक चार इंची तोफ होती, गोळे मात्र बत्तीसच. तीही लढू लागली. एक गोळा ‘होकोकु मारू’च्या वर्मी बसला, आग भडकली, स्फोट झाला आणि ते बुडाले. गोळा कोणाचा, यावर दोन्ही जहाजांनी दावा सांगितला. आम्हाला त्या वादात रस नाही.

दारूगोळा संपत आल्यावर, ‘ओंडिना’ गेलीच असे समजून ‘बंगाल’ दिएगो गार्सियाला पोहोचले. इकडे ‘ओंडिना’चे कप्तान विलेम होर्समन ठार झाले होते. बोटींत उतरलेल्या माणसांवर जपान्यांनी मशीनगन चालवली. शत्रू निघून गेल्यावर उरलेले पुन्हा जहाजावर चढले आणि 18 तारखेला फ्रीमँटलला परतले.

विल्सन यांना डी. एस. ओ. मिळाला, आणि तो योग्यच होता. पण तारा ओढणारे, तोफ भरणारे हात हिंदी होते. रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांतून या नौदलात जुनी भरती होती. युद्धात ती देशभर पसरली. या लढाईच्या गोष्टीत कप्तानाचे नाव येते, हे हात निनावी राहतात. याच नौदलातील खलाशांनी 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत ‘तलवार’वर निकृष्ट अन्न आणि अपमान यांविरुद्ध संप पुकारला, हे मुलांना माहीत असते. सव्वातीन वर्षांपूर्वीची ‘बंगाल’ची लढाई माहीत नसते.

फाळणीनंतर ‘बंगाल’ भारताकडे राहिले आणि 1960 साली मोडीत निघाले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने परदादांचा फोटो आणला. आम्ही भिंगाने टोपीची फीत वाचली. ‘एच. एम. आय. एस.’ एवढेच. युद्धात गुप्ततेसाठी फितीवर जहाजाचे नाव लिहीत नसत.