आघाडीचा गडी कोण ? : एका निवडीचा इतिहास

महोत्सवानिमित्त आमच्या पॅरिशच्या तरुणांचा फुटबॉलचा सामना ठरला, आणि त्या दिवसापासून रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणांत दुसरा विषय उरला नाहीं. आघाडीला कोण ? गेल्या वर्षीं ज्यानें गोल केले तो, कीं यंदा ज्याचा पाय चालत आहे तो ? दुखण्यांतून नुकताच उठलेला जुना गडी परत घ्यावा, कीं त्याच्या जागीं उभें राहून ज्यानें वेळ निभावून नेली तो नवा ठेवावा ? वडीलधारी मंडळी एका बाजूस, तरुण दुसऱ्या बाजूस, आणि शेवटीं दोन्ही पक्ष आमच्याकडे वळून विचारतात, "फादर, तुमचें मत काय?" आम्ही हंसून वेळ मारून नेतों. परंतु ह्या स्मरणिकेच्या संपादकांनीं आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हां मनांत आलें कीं, तें उत्तर येथेंच द्यावें. कारण हाच प्रश्न एकदां एका सबंध राष्ट्रानें विचारला होता. उत्तर देणाऱ्याच्या वांट्यास काय आलें, आणि त्या उत्तरामुळें बाहेर बसलेल्याच्या वांट्यास काय आलें, हें दोन्ही इतिहासांत नमूद आहे.

प्रथम हें पाहूं कीं, संघ निवडतो कोण. ज्या इंग्लंडांत १८६३ सालीं ह्या खेळाचे नियम लिहिले गेले, तेथें राष्ट्रीय संघाची निवड पुष्कळ काळ एका समितीच्या हातीं होती. १९४६ सालीं वॉल्टर विंटरबॉटम हे पहिले राष्ट्रीय व्यवस्थापक नेमले गेले. परंतु त्यांच्याकडे शिकविण्याचें काम आलें, निवडीचा अधिकार कांहीं आला नाहीं. १९५० सालीं ब्राझीलमध्यें विश्वचषकस्पर्धा भरली, तेव्हां ह्या व्यवस्थेची परीक्षा झाली. इंग्लंडनें चिलीस २–० असें हरविलें. पुढचा सामना अमेरिकेशीं होता. स्टॅन्ले मॅथ्यूज हा त्या काळचा अत्यंत नामांकित खेळाडू. वय ३५, पण पायांतली जादू तशीच. विंटरबॉटम ह्यांना तो संघांत हवा होता. परंतु निवडीची सूत्रें आर्थर ड्रूरी नांवाच्या गृहस्थांच्या हातीं होतीं, आणि जिंकलेला संघ मोडूं नये, असें त्यांचें मत पडलें. मॅथ्यूज बाहेर बसला. २९ जून रोजीं बेलो होरिझोंते येथें, कोणाच्या खिजगणतींत नसलेल्या अमेरिकेनें इंग्लंडला १–० असें हरविलें.

वाचकांनीं हा नियम ध्यानांत ठेवावा : जिंकलेला संघ मोडूं नये. तो आपणांस पुन्हां भेटणार आहे.

त्या पराभूत अकरांत मागच्या फळींत आल्फ रॅम्झी नांवाचा एक मितभाषी खेळाडू होता. पुढें तो इप्सविच टाऊन ह्या क्लबाचा व्यवस्थापक झाला, आणि १९६२ सालीं त्यानें तो लहानसा क्लब इंग्लंडचा विजेता करून दाखविला. राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडे चालून आली, तेव्हां त्यानें एक अट घातली : संघ आपण एकटा निवडूं, समिति नाहीं. अट मान्य झाली, आणि १९६३ सालीं त्यानें काम हातीं घेतलें. अधिकार एकट्याचा झाला, तशी जबाबदारीही एकट्याची झाली. चूक झाली तर समितीच्या आड लपण्याची सोय त्यानें स्वतःच्या हातानें मोडून टाकली होती.

१९६६ सालची विश्वचषकस्पर्धा इंग्लंडांतच भरली. त्या वेळीं आघाडीला जिमी ग्रीव्ह्ज असणार, ह्याविषयीं कोणास शंका नव्हती. सहा वेळां तो इंग्लंडच्या पहिल्या श्रेणींत सर्वांत अधिक गोल करणारा ठरला. देशासाठीं ५७ सामन्यांत त्यानें ४४ गोल केले. बळापेक्षां चपळाई, आणि गोलासमोर कमालीची शांतता, हा त्याचा विशेष. स्पर्धेच्या तोंडावर नॉर्वेविरुद्ध एकाच सामन्यांत त्यानें चार गोल मारले होते. परंतु प्रत्यक्ष स्पर्धेंत उरुग्वे, मेक्सिको व फ्रान्स ह्यांच्याशीं झालेल्या पहिल्या तीन सामन्यांत त्याला एकही गोल करतां आला नाहीं. आणि २० जुलै रोजीं फ्रान्सविरुद्ध खेळतांना त्याच्या नडगीला खोल जखम होऊन तिला १४ टांके घालावे लागले.

त्याच्या जागीं वेस्ट हॅम क्लबाचा जेफ हर्स्ट आला. वय २४. देशासाठीं त्याचा पहिला सामना त्याच वर्षींच्या फेब्रुवारींत झालेला. २३ जुलै रोजीं अर्जेंटिनाविरुद्धच्या चुरशीच्या सामन्यांत त्यानें डोक्यानें गोल मारला, आणि इंग्लंड १–० असें जिंकलें. २६ जुलै रोजीं उपांत्य सामन्यांत पोर्तुगालविरुद्ध बॉबी चार्लटननें दोन गोल केले. हर्स्ट संघांत कायम होता. अंतिम सामना ३० जुलैस, पश्चिम जर्मनीशीं. आणि तोंपर्यंत ग्रीव्ह्जची जखम भरत आली होती.

ते मधले चार दिवस इंग्लंडांत काय वाद माजला असेल, ह्याची कल्पना आमच्या अंगणांतील मंडळींना सहज येईल. एक पक्ष म्हणे : एवढ्या मोठ्या प्रसंगीं देशाचा सर्वोत्तम गोल करणारा बाहेर बसवावा, हें शहाणपणाचें नव्हे, तीन सामने कोरडे गेले म्हणून ४० हून अधिक गोल पुसले जात नाहींत. दुसरा पक्ष म्हणे : नव्या मुलानें मोडलेली घडी बसविली आहे, तो न थकतां धांवतो, सहकाऱ्यांसाठीं जागा मोकळी करतो; शिवाय जिंकलेला संघ मोडूं नये. तिसरा पक्ष म्हणे : दोघांनाही घ्या, आणि लिव्हरपूलच्या रॉजर हंटला काढा. ह्या हंटनें पहिल्या तीन सामन्यांत तीन गोल केले होते. पण त्याच्या खेळांत झगमगाट नव्हता, आणि झगमगाट नसलेल्याचा बळी सुचविणें प्रेक्षकांस नेहमींच सोपें जातें.

येथें आजच्या वाचकांनीं एक गोष्ट विसरूं नये. त्या काळीं विश्वचषकस्पर्धेंत बदली खेळाडूची सोय नव्हती. ती १९७० पासून आली. अकरा जण एकदां मैदानांत उतरले, कीं कोणी लंगडला तरी तेच अकरा शेवटपर्यंत. नीट न भरलेल्या जखमेचा गडी घेतला, आणि दहाव्या मिनिटाला टांके उसवले, तर उरलेला सारा सामना दहाच गड्यांनीं ओढावा लागला असता. वाद करणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक होता. पण तो चुकल्यास त्याची भरपाई त्यांच्या खिशांतून होणार नव्हती. ती एका रॅम्झीच्याच खिशांतून होणार होती.

रॅम्झीनें संघ बदलला नाहीं. सुमारें ९७ हजार लोकांच्या समोर वेंब्ली येथें सामना झाला. बाराव्या मिनिटाला हालरनें जर्मनीला आघाडी मिळवून दिली. अठराव्या मिनिटाला बॉबी मूरनें मारलेला चेंडू हर्स्टनें डोक्यानें जाळ्यांत घातला. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला पीटर्सनें इंग्लंडला पुढें नेलें. एकोणनव्वदाव्या मिनिटाला वेबरनें बरोबरी केली. जादा वेळेंत हर्स्टचा एक फटका आडव्या दांड्याच्या खालच्या अंगास लागून खालीं आपटला. स्वित्झर्लंडचे पंच डीन्स्ट ह्यांनीं अझरबैजानचे रेषापंच बहरामोव्ह ह्यांना विचारून गोल दिला. चेंडू रेषेपार गेला होता कीं नव्हता, हा वाद पुढें कित्येक वर्षें चालला. अखेरच्या क्षणीं हर्स्टनें आणखी एक गोल मारला. इंग्लंड ४–२. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत एकाच खेळाडूनें तीन गोल करण्याची ती पहिलीच वेळ. पुरुषांच्या स्पर्धेंत दुसऱ्यानें असा पराक्रम करण्यास २०२२ साल उजाडावें लागलें, आणि तो करणारा फ्रान्सचा एम्बापे तरीही हरलेल्या बाजूस राहिला.

मग वाद मिटला काय ? लोक म्हणाले, रॅम्झी बरोबर होता. आम्हांस मात्र इतकें सरळ दिसत नाहीं. जिंकलेला संघ मोडूं नये, ह्याच नियमावर १९५० सालीं ड्रूरी चालले आणि देशाची नाचक्की झाली. त्याच नियमावर १९६६ सालीं रॅम्झी चालला आणि त्याला 'सर' ही पदवी मिळाली. नियम एकच, निकाल दोन. ग्रीव्ह्ज खेळला असता तर काय झालें असतें, हें कोणासही सांगतां येणार नाहीं. विजय एवढेंच सांगतो कीं, ह्या अकरांनीं जिंकलें. दुसऱ्या अकरांनीं जिंकलें नसतें, असें तो सांगत नाहीं.

रॅम्झीला स्वतःलाही हें लौकरच कळलें. १४ जून १९७० रोजीं मेक्सिकोंतील लेऑन येथें पुन्हां पश्चिम जर्मनीशीं गांठ पडली. इंग्लंड २–० असें पुढें होतें. बेकेनबाउअरनें एक गोल परत केला, आणि त्यानंतर थोड्याच वेळांत रॅम्झीनें बॉबी चार्लटनला विश्रांति देण्यासाठीं बाहेर बोलाविलें. आतां बदली खेळाडूची सोय झाली होती, आणि तीच त्याला भोंवली. सीलरनें बरोबरी केली, जादा वेळेंत म्युलरनें तिसरा गोल मारला, आणि गतविजेते घरीं परतले. चार वर्षांपूर्वीं न बदलण्याबद्दल ज्याची स्तुति झाली, त्याचीच आतां बदलण्याबद्दल निंदा झाली. १९७४ सालीं त्याला पदावरून दूर करण्यांत आलें.

त्याच १९७० सालीं ब्राझीलमध्यें ह्या वादानें निराळेंच रूप घेतलें. तेथें वाद घालणाऱ्यांत खुद्द राष्ट्राध्यक्ष होते. लष्करी राजवटीचे प्रमुख मेडिसी ह्यांना दारियो नांवाचा आघाडीचा गडी संघांत हवा होता. प्रशिक्षक झोआव सालदान्या हे मूळचे पत्रकार, जिभेनें तिखट. त्यांनीं सांगितलें कीं, राष्ट्राध्यक्षांचें मंत्रिमंडळ आपण निवडीत नाहीं, तसा आपला संघ त्यांनीं निवडूं नये. मार्च महिन्यांत सालदान्या पदावरून गेले. त्यास इतरही कारणें होतीं. पण हें प्रकरण लोकांच्या स्मरणांत राहिलें. त्यांच्या जागीं आलेल्या झगालोनें दारियोस संघाबरोबर नेलें, परंतु एक मिनिटभरही खेळविलें नाहीं. आणि ब्राझीलनें विश्वचषक जिंकला. अंगणांतला प्रेक्षक नुसता बोलतो. प्रेक्षकाच्या हातीं सत्ता आली, म्हणजे त्याचें मत हुकूम होऊं पाहतें. म्हणून निवडणाऱ्यास एकट्यानें निवडूं द्यावें, ह्यांतच सर्वांचें हित आहे.

आतां त्या बाहेर बसलेल्या माणसाकडे वळूं. अंतिम सामन्याच्या दिवशीं ग्रीव्ह्ज कोट-टाय घालून बाकावर बसला होता. त्यानंतर तो देशासाठीं अवघे तीन सामने खेळला. पुढें तो मद्याच्या व्यसनांत सांपडला, १९७८ सालीं त्यांतून बाहेर आला, आणि दूरचित्रवाणीवर आपल्या विनोदानें लोकांस हंसवून त्यानें दुसरी कीर्ति मिळविली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें पदकें फक्त मैदानांत उतरलेल्या अकरांनाच मिळालीं. बाकीच्या अकरांना कांहीं नाहीं. ही चूक दुरुस्त होण्यास ४३ वर्षें लागलीं. जून २००९ मध्यें लंडनमध्यें पंतप्रधानांच्या निवासस्थानीं त्या उरलेल्यांना पदकें देण्यांत आलीं. तोंवर कांहीं जण हें जग सोडून गेले होते. रॅम्झी स्वतः १९९९ सालीं निवर्तला होता. ग्रीव्ह्जनें १९ सप्टेंबर २०२१ रोजीं देह ठेविला.

हें लिहितांना आम्हांस आमचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंचवीसएक वर्षांपूर्वीं, नव्यानें गुरुदीक्षा घेऊन एका पॅरिशमध्यें सहाय्यक असतांना, तेथील मुलांचा संघ आम्हीच निवडीत होतों. आघाडीचा मुलगा सामन्याच्या आठ दिवस आधीं घोटा मुरगळून बसला. त्याच्या जागीं घेतलेला दुसरा चांगला खेळला. सामन्याच्या दिवशीं पहिला मुलगा बरा होऊन आला. आम्ही दुसऱ्यालाच ठेविलें, यादी सभागृहाच्या दाराला लाविली आणि आंत निघून गेलों. सामना आम्ही जिंकलों. तो मुलगा यादीपुढें किती वेळ उभा होता, हें दुसऱ्यांनीं आम्हांस सांगितलें. त्यानंतर तो मैदानावर आला नाहीं, आणि त्याच्या घरीं जावें असें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. निवड कदाचित् बरोबरच होती. परंतु तिची वार्ता आम्ही एका कागदाकरवीं पाठविली, ही टोंचणी अद्याप गेलेली नाहीं.

तेव्हां, मंडळींनो, तुम्ही विचारतां त्या प्रश्नाचें आमचें उत्तर हें. वाद खुशाल घाला. ज्या गांवांत संघावरून वाद होत नाहीं, त्या गांवाचें आपल्या मुलांकडे लक्ष नाहीं, असें समजावें. मात्र संघ प्रशिक्षकास निवडूं द्या, आणि निकाल लागल्यावर "आम्ही म्हणतच होतों" हें वाक्य दोन्ही पक्षांनीं गिळून टाका. आमच्यापुरतें बोलावयाचें तर, आघाडीला कोण असावा हें सांगण्यास आम्ही पात्र नाहीं. परंतु सामन्याच्या आदल्या सायंकाळीं, यादी दाराला लागण्यापूर्वीं, ज्या मुलांचीं नांवें तींत नसतील त्यांच्या घरीं आम्ही स्वतः जाणार आहों. आणि महोत्सवाच्या समारंभांत जेव्हां संघाचीं नांवें वाचलीं जातील, तेव्हां तीं अकराच वाचलीं जाणार नाहींत, सगळीं वाचलीं जातील. टाळ्या वाजवितांना हात आंखडूं नका, एवढीच विनंति.