पोषकद्रव्ये

पोषकद्रव्ये : शरीराची वाढ, झीज भरून काढणे, हालचाल आणि रोगप्रतिकार यांसाठी अन्नातून मिळावे लागणारे घटक. कर्बोदके, प्रथिने, मेद, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पाणी असे त्यांचे सहा वर्ग करतात. कर्बोदके व प्रथिने यांच्या दर ग्रॅममागे सुमारे ४, तर मेदाच्या ग्रॅममागे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. बाकीच्या तिघांतून ऊर्जा मिळत नाही, पण त्यांच्यावाचून शरीराचे चालत नाही. हे वर्ग अभ्यासापुरते वेगळे आहेत. ताटात आणि पोटात ही द्रव्ये एकमेकांच्या आधारानेच उपयोगी पडतात.

प्रथिने वीस अ‍ॅमिनो आम्लांची बनतात. त्यांतील नऊ प्रौढांचे शरीर तयार करू शकत नाही. तांदूळ, गहू, ज्वारी यांत त्यांपैकी लायसीन कमी असते. डाळींत ते भरपूर, पण मेथिओनीन कमी. वरणभातात किंवा भाकरी-पिठल्यात एकाची उणीव दुसरे भरून काढते. दोन्ही एकाच जेवणात हवीत असे नाही, दिवसभरात पोटात गेली तरी पुरते. खरी अडचण प्रमाणाची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती बावीसच्या आसपास असतात. पातळ आमटीच्या वाटीत डाळ किती उतरते, ते यावरून ताडून पाहावे.

मेदामुळे अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शोषली जातात. गाजराच्या कोशिंबिरीवरची तेलाची फोडणी म्हणूनच केवळ चवीपुरती नसते. शरीराला बनवता न येणारी काही मेदाम्ले तेलबियांतून मिळतात. त्यांतले एक जवसात विपुल आहे.

जीवनसत्त्वे तेरा आहेत. त्यांचा शोध भातापासून लागला. १८९० च्या दशकात जावा बेटावर डच वैद्य क्रिस्टियान आइकमान यांना दिसले, की कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसातल्या बेरीबेरीचे कारण असे उलगडत गेले. कोंड्यातला तो घटक म्हणजे ब-१. भारतातील पोषणसंशोधनही याच रोगाच्या चौकशीतून सुरू झाले : रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे काम सुरू केले, त्यातून उभी राहिलेली संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. ब-१ च्या संदर्भात कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ आठवावा. भात सालीसकट उकडताना ब-१ दाण्यात मुरते आणि कांडल्यावरही बरेचसे टिकते. ब-१२ मात्र दूध, अंडी, मांस, मासे अशा प्राणिज पदार्थांतच नैसर्गिकरीत्या मिळते.

खनिजांपैकी कॅल्शियम नाचणीत भरपूर असते आणि आयोडीन आयोडीनयुक्त मिठातून मिळते. लोहाबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी लोहाची कमतरता हे त्यांतले मोठे कारण आहे. मासिक पाळीत रक्त जात असल्याने प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, पुरुषाला १९. अनेक घरांत मात्र सर्वांत शेवटी, उरेल ते बाईच जेवते; भाजीचा तळ तिच्या वाट्याला येतो. बाजरी आणि पालेभाज्यांतले लोह मांसातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही; धान्यातले फायटेट हे द्रव्यही ते अडवून धरते. मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने फायटेट कमी होते. लिंबू, आवळा, पेरू यांतले क जीवनसत्त्व शोषण वाढवते. जेवणासोबतचा चहा ते घटवतो. तो तासाभराने घ्यावा.